तांब्याच्या वादीतलं घर

आमच्या ग्रुपमधले दादा डोंगरावर माणसं तपासायचे. ऑफिसात सगळेच गोड बोलतात, खरा माणूस चढावर कळतो, असं ते नेहमी म्हणायचे, आणि हे म्हणताना स्वतः बहुतेक वेळा सावलीत उभे असायचे. एका मोठ्या कंत्राटी कंपनीत ते वरच्या जागेवर होते. थंडी पडली की दुबई-शारजातली आम्ही काही मराठी कुटुंबं त्यांच्या मागोमाग गाड्या घेऊन डोंगरात जायचो. कुठे जायचं ते दादा ठरवायचे, कुणी काय करून आणायचं तेही दादाच ठरवायचे, आणि त्या दिवशी कुणाची टर उडवायची हेही त्यांच्याच हातात असायचं. ज्याची उडायची त्याने हसायचं, हा तिथला नियम होता.

त्या शनिवारी आम्ही ट्रेकला नव्हे, इंटरव्ह्यूला गेलो होतो. नवऱ्याची दुबईच्या देरा भागातल्या ट्रेडिंग ऑफिसातली नोकरी गेली होती. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. मग थोडे दिवस हातात उरतात आणि तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर सामान बांधायचं. मुलगी दहावीत होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली, आणि तिला इथून उचलून नाशिकला नेलं असतं तर तिचं वर्ष वाया गेलं असतं. तिलाही ते ठाऊक होतं. जेवताना ताटातून नजर न काढता ती एकदाच म्हणाली होती, "आय अ‍ॅम नॉट लीव्हिंग बिफोर बोर्ड्‌स." आम्ही दोघांनी मान डोलावली, जसं काही ते आमच्या हातात होतं.

नवऱ्याने दादांना फोन केला. दादा म्हणाले, "शनिवारी ये ना ट्रेकला. तिथे बघू." तेवढ्या दोन वाक्यांवर नवरा आठवडाभर जगला. आणि त्या फोनपासून त्याने दादांना दादा म्हणायचं सोडून सर म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं ज्यांच्या घरी बसून आपण श्रीखंड ओरपलं त्यांना एकदम सर म्हणताना ऐकून मला लाज वाटली. दादांना वाटली नाही. त्यांनी ते पहिल्याच फोनवर चालवून घेतलं.

वादी म्हणजे डोंगरातलं कोरडं नदीपात्र. ही वादी फुजैराच्या बाजूच्या डोंगरात होती. फार जुन्या काळी तिथे तांबं काढायचे. डोंगर फोडायचा, दगड कुटायचा, भट्टीत घालून वितळवायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं असणार. आता तिथे चालायची वाट केली आहे आणि माहितीच्या पाट्या लावल्या आहेत. कुटायचे खळगे पडलेले दगड, भट्ट्यांचे बुंधे, पडक्या भिंती जिथल्या तिथे आहेत. आणि पायाखाली सगळीकडे काळी मळी. तांबं निघून गेल्यावर जे उरायचं ते तिथेच फेकून द्यायचे. काचेसारखं चकाकतं, हातात घेतलं तर वाटतं त्यापेक्षा जड लागतं.

मला ती जागा आवडली नाही. इथे माणसं उन्हात दगड कुटून कुटून मेली असतील आणि आम्ही त्यांच्या भट्टीशेजारी सतरंजी टाकून साबुदाणा वडे खाणार, हे मला बरं वाटेना. पण मला विचारलं कुणी होतं?

दादांनी सगळ्यांना गोल करून उभं केलं आणि भाषण सुरू केलं. "इथे तांबं होतं, पण कथील नव्हतं. नुसतं तांबं मऊ. त्यात कथील पडलं की कांसं होतं, आणि मग त्याची हत्यारं. हे कथील कुठून यायचं? समुद्रातून, बाहेरून. आता सांगा, इथलं कथील म्हणजे कोण? आपण! हा देश तांबं आहे आणि आपण कथील." टाळ्या पडल्या. दादांनी त्या पडू दिल्या आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "एखादं कथील जरा भेसळीचं निघतं, काय रे?"

सगळे हसले. नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला.

मग कामं वाटली. सगळ्यांचं पाणी एका मोठ्या सॅकमध्ये भरून ती नवऱ्याच्या पाठीवर दिली. "तू सगळ्यांत मागे राहा," दादा म्हणाले. "नाहीतरी सध्या तुला कुठे पोचायची घाई नाहीये." हेही सगळ्यांना फार आवडलं. मी मुलीकडे पाहिलं. ती मोबाईलवर काहीतरी बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

वाटेवर जागोजागी दगडावर दगड रचून खुणा केलेल्या होत्या. आमच्यात त्यांना लगोऱ्या म्हणायचे. लगोरी दिसली की त्या बाजूने जायचं. मध्येच पाऊस येऊन वादीला लोंढा येतो आणि रंगाने काढलेले बाण पुसले जातात, म्हणून लगोरीवरच भिस्त. दादा म्हणायचे, डोंगर वाचता आला पाहिजे, म्हणजे पाट्या लागत नाहीत.

पहिल्या भट्टीपाशी आम्ही खायला बसलो. दादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. गोऱ्यापान, हळू बोलणाऱ्या, दादा बोलत असताना मध्ये कधीही न बोलणाऱ्या. त्या मला नाशिककर म्हणायच्या. लगोऱ्यांवरून बोलणं निघालं आणि मला आमच्याकडचं आठवलं. म्हटलं, आमच्या नाशिककडे देवीच्या गडावर जाताना लोक वाटेत छोट्या दगडांचं घर रचतात. ज्याला स्वतःचं घर हवं असतं त्याने रचायचं आणि मनातल्या मनात मागायचं. माझ्या मावशीने रचलं होतं.

"म्हणजे देवी बिल्डर झाली की!" दादा म्हणाले. "ओसी मिळते का हो नाशिककर? पार्किंग धरून की वेगळं?" परत सगळे हसले. मीही हसले. नियम होता ना.

हसणं ओसरल्यावर वहिनींनी माझ्या ताटलीत चटणी वाढली आणि दादांकडे पाठ करून हळूच विचारलं, "मग तुमच्या मावशींना मिळालं का हो?"

"मिळालं," मी म्हटलं.

वहिनींचं दुखणं मला माहीत होतं. इतकी वर्षं भाड्याच्या व्हिलात राहिल्या, पण पुण्यात आपलं म्हणायला एक खोली नव्हती. दादांचं मत होतं की घर घेणं हा मध्यमवर्गीय मूर्खपणा आहे. आणि दादांचं मत झालं की त्या घरात ते सगळ्यांचं मत होई. देवाधर्माचंही तसंच. वहिनी उपास करायच्या तेही त्यांना डाएट म्हणून सांगायच्या.

निघताना नवऱ्याला मळीच्या ढिगाशेजारी एक दगड सापडला. हिरवागार, आणि मधोमध पांढरी रेघ. तांब्याचा अंश असला की दगड असा हिरवा पडतो म्हणे. इथलं काही उचलू नका असं पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, तरी त्याने तो उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "हा लकी आहे," तो मला म्हणाला. "सर बोलवतील तेव्हा खिशात असू दे." त्या दिवसभरात तेवढ्याच क्षणी तो मला माझ्या ओळखीचा वाटला. मी त्याच्या खिशाचं बटण लावून दिलं.

पुढे वर चढावर जुन्या खाणीचे खड्डे होते. दादांना त्यांचा व्हिडिओ करायचा होता. त्यांचे दोन-तीन भक्त त्यांच्याबरोबर राहिले. नवराही थांबायला लागला तेव्हा दादा म्हणाले, "तू जा रे बायकांबरोबर. आम्ही येतो मागून. आम्हाला वाट सापडते." सगळ्यांत मागे राहणाऱ्याने सगळ्यांत मागे राहायचं असतं, पण हे त्यांना सांगणार कोण? नवरा पाण्याची सॅक घेऊन बायकापोरांच्या मागे निघाला.

थोडं पुढे वाटेला फाटा होता. डावीकडे खरी वाट, खिंडीतून उतरून गाड्यांपाशी जाणारी. उजवीकडे एक अरुंद घळ. तिथे सावली होती. वहिनी तिथे रेंगाळल्या, मी त्यांच्यासोबत थांबले. घळीच्या तोंडाशी एक सपाट खडक होता. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि खाली बसून दगड गोळा करायला लागल्या.

"कुणाला सांगू नका हं नाशिककर," त्या म्हणाल्या. "ह्यांना तर अजिबात नको."

"कशाला सांगेन?" मी म्हटलं. त्या भिंती उभ्या करत होत्या. जपून, एकेक दगड फिरवून बघत. मला त्यांची कीव आली. एवढी मोठी बाई, आणि देवीकडे काही मागायचं तर नवरा डोंगराआड असताना. तेवढ्यात पुढून मुलीने हाक मारली, तिच्या बुटाचा तळ सुटला होता. मी वहिनींना तिथेच सोडून पुढे गेले. मागून नवरा येतच होता.

आम्ही गाड्यांपाशी पोचलो. वहिनी पोचल्या, नवरा पोचला. झाडाखाली सतरंज्या टाकल्या, डबे उघडले. दादांचा पत्ता नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती. ऊन डोक्यावर आलं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाणी सगळं आपल्याकडे आहे. नवरा बाटल्या घेऊन पळत मागे गेला. तो वळणाआड गेला तेव्हा मी देवाला हात जोडले, आणि खरं सांगायचं तर ते दादांसाठी नव्हते.

तो त्यांना घेऊन आला तेव्हा दादांची पँट गुडघ्यावर फाटलेली होती, तळहात सोलवटला होता आणि चेहरा लालभडक. फाट्यावर उजवीकडे लगोरी दिसली म्हणून ते बेधडक घळीत शिरले होते. घळ वर वर गेली आणि एका जुन्या खड्ड्याच्या काठाला संपली. तिथे मळीच्या घसरणीवरून दादा बसते झाले, आणि बसल्या बसल्या बरेच खाली आले. भक्तांपैकी एक हे सांगताना ओठ दाबत होता. दादांनी ते पाहिलं.

पाणी पिऊन झाल्यावर दादा म्हणाले, "ती लगोरी कुणी रचली?"

मी वहिनींकडे पाहिलं नाही. मला वाटलं त्या सांगतील. स्वतःच्या नवऱ्यालाच तर सांगायचं आहे, चार शिव्या घालील आणि विसरेल.

"मी विचारतोय, कुणी रचली? एखादा माणूस मेला असता तिथे."

वहिनी डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मी नाही बाई पाहिलं नीट. पण या थांबल्या होत्या तिथे. नाशिककर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. मला एवढंच आठवतं की तोंड उघडलं होतं, शब्द यायचा होता, आणि तेवढ्यात शेजारून नवऱ्याचा आवाज आला.

"सॉरी सर. खरंच सॉरी. हिला ती सवयच आहे. गावाकडचं आहे ना सगळं, कितीही समजावलं तरी जात नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो दादांकडे बघत होता.

मग दादा सुरू झाले. इतका वेळ पडल्याची लाज होती, ती काढायला त्यांना आयती जागा मिळाली. "घर हवंय का नाशिककर? मग देवीला पत्ता नीट द्यायचा ना! दुबई, इंटरनॅशनल सिटी, क्लस्टर, बिल्डिंग, सगळं. नाहीतर ती बिचारी नाशिकला शोधत बसेल." सगळे हसले. "आणि व्हिसा नाही तर घर कसलं मागता? आधी व्हिसाची लगोरी रचा." अजून हसले. "नवरा नोकरी मागायला आलाय आणि बायको मला खाणीत पुरायला निघालीय. टीमवर्क म्हणतात याला!" आता तर एकाला ठसका लागला. वहिनीही हसल्या. ओढणी तोंडाला लावून हसल्या.

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती हसली नाही. ती सरकून लांब बसली आणि दात आवळून म्हणाली, "ममा, व्हाय वुड यू डू दॅट? सो एम्बरेसिंग." दादांचं बोलणं मी गिळलं असतं. हे घशात अडकलं.

"आता असं करा," दादा म्हणाले. "ज्याने रचलं त्याने मोडायचं. पुढचे लोक चुकायला नकोत. डोंगराचा नियम आहे." बोलण्यात चूक काही नव्हती. त्यांच्या क्रूरपणाला नेहमी एखादा नियम असायचा. "जा, मोडून या. आम्ही जेवण सुरू करतो. तू बस रे इथे," ते नवऱ्याला म्हणाले, "तुझ्याशी बोलायचंय."

नवरा बसला. मी उठले. येतेस का म्हणून मी मुलीकडे पाहिलं. "आय अ‍ॅम नॉट गोइंग," ती म्हणाली.

मी एकटी उन्हात परत चढले. सकाळची गार हवा गेली होती, काळी मळी तापून बुटातून लागत होती. मला वहिनींचा राग येत होता, पण तो सोपा राग होता. त्या घाबरतात, सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याबद्दल मी स्वतःला समजावत होते. त्याला काय माहीत कुणी रचलं? त्याला खरंच वाटलं असेल की मीच. सकाळी मीच ती गोष्ट सांगितली होती. त्याने मला वाचवायचाच प्रयत्न केला असेल, पटकन माफी मागून विषय संपवायचा. खिंड चढेपर्यंत मी त्याला जवळजवळ माफ केलं होतं.

फाट्यावर ते घर उभं होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. तीन बाजूंना नीट भिंती, वर पाटासारखा सपाट दगड आणि त्यावर लहान लहान दगडांची उतरंड, देवळाच्या शिखरासारखी. लांबून येणाऱ्याला ती लगोरीच वाटणार. आणि सगळ्यांत वर, कळसाच्या जागी, हिरवा दगड होता. मधोमध पांढरी रेघ.

मी तो उचलला. उलटा करून पाहिला. माझा हात आपोआप माझ्याच कुडत्याच्या छातीशी गेला, जिथे त्याच्या शर्टाचा खिसा असतो तिथे. बटण मीच लावलं होतं. ते उघडून त्याने वहिनींना कळसासाठी दगड दिला होता. सरांच्या बायकोला काय हवं नको ते बघितलं होतं. आणि मग खाली येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, हिला ती सवयच आहे.

मला रडू आलं नाही. मला त्याचा राग आला असं म्हणणं फार कमी आहे. त्या क्षणी तो त्या खड्ड्याच्या काठावर उभा असता तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.

मी वहिनींचं घर मोडलं. हाताने नाही, लाथेने. आधी शिखर उडवलं, मग छप्पर, मग भिंती. मोडताना मला आनंद झाला. भिंतींचे सगळ्यांत खालचे दगड त्यांनी वाळूत रोवून बसवले होते. तेही मी टाचेने उकरून काढले आणि एकेक करून घळीत भिरकावले. इतकं करायची गरज नव्हती. वाटसरूंसाठी नुसतं शिखर पाडलं असतं तरी भागलं असतं.

उतरताना हिरवा दगड माझ्या मुठीत होता. सगळ्यांच्या मधोमध जाऊन मूठ उघडली की झालं. हा दगड कुणाच्या खिशात होता, विचारा याला. कुणाला दिला, विचारा. दादांची बायको सर्वांदेखत खोटी पडली असती, दादांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. आणि सोमवारी आम्ही सामान बांधायला घेतलं असतं. मुलीचं वर्ष माझ्या मुठीत होतं, तिला त्याची कल्पनाही नव्हती आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

झाडाखाली सगळे जिलेबीवर आले होते. नवरा दादांच्या शेजारी मांडी घालून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. "मंडेला ऑफिसला ये म्हणाले सर," तो मला हळूच म्हणाला. "इन्शाल्ला होईल." दादांनी विचारलं, "मोडलं का? शाब्बास. यल्ला, जेवा आता." वहिनींनी माझं ताट वाढलं. एक जिलेबी जास्त वाढली. "घ्या ना, दमलात," त्या म्हणाल्या. मी मूठ मांडीखाली धरून डाव्या हाताने ताट ओढलं आणि ती जिलेबी खाल्ली.

गाडीत बसल्यावर मी तो दगड डॅशबोर्डवर ठेवला. बरोबर त्याच्या समोर. मुलगी मागे कानात इअरफोन घालून पडली होती, डोळे अर्धवट उघडे. त्याने गाडी सुरू केली, दगड पाहिला, आणि बराच वेळ गिअरवर हात ठेवून नुसता बसला.

"एसी वाढवू का?" त्याने विचारलं.

नोकरी मिळाली. रुवैसची मिळाली. म्हणजे तो आठवडाभर तिकडे रिफायनरीच्या गावात आणि आम्ही मायलेकी इकडे. व्हिसा लागला, मुलगी बोर्डाला बसली, उत्तम मार्क मिळवून अकरावीत गेली. ज्यासाठी सगळं केलं ते झालं. मी एकदाच विषय काढला, तोही मुलगी क्लासला गेलेली असताना. म्हटलं, तू पाहिलं होतंस.

"मग काय वहिनींचं नाव घ्यायचं होतं? सरांसमोर?" तो म्हणाला. "अगं, सगळं खलास झालं असतं. तुझं काय गेलं त्यात? चार लोक हसले."

चार लोक वर्षभर हसले. ग्रुपमध्ये माझं नाव बिल्डरीणबाई पडलं. कुठेही दगड दिसला की कुणीतरी म्हणायचं, बिल्डरीणबाई, प्लॉट बघा. मुलगी तिच्या मैत्रिणींना तो किस्सा रंगवून सांगायची. "माय मॉम ऑलमोस्ट किल्ड डॅड्‌स बॉस." मैत्रिणी माझ्याकडे बघून हसायच्या आणि मी त्यांना सरबत द्यायचे. दगड डॅशबोर्डवर होता. त्याने तो काढला नाही, मीही नाही. वळणावर तो थोडा सरकायचा, मग नवरा एका हाताने तो परत जागेवर ठेवायचा.

पुढच्या संक्रांतीला वहिनींनी हळदीकुंकू केलं. नवरा सुट्टीवर आला होता, त्याने आम्हाला सोडलं आणि तो बाहेर गाडीत थांबला. मधल्या काळात वहिनींनी कधी नव्हे ते दादांच्या मागे लागून पुण्यात फ्लॅट बुक करवला होता. सगळ्यांना पेढे वाटले होते. आणि मग तो प्रोजेक्ट कोर्टात अडकला. खांब उभे आहेत, वर काही नाही, असं ऐकलं होतं. वहिनी खूप बारीक झाल्या होत्या.

वाण घेऊन मी निघत होते तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. हातातली कुंकवाची कुयरी तशीच होती.

"एक विचारू नाशिककर? रागावू नका," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "तुम्ही तेव्हा माझं ते घर सगळंच मोडलं होतंत का हो? की नुसतं वरचं?"

माफी मागतील असं मला क्षणभर वाटलं होतं. मी थांबलेही. पण त्यांना माफी मागायची नव्हती, त्यांना त्यांच्या फ्लॅटचं विचारायचं होतं.

"सगळं," मी म्हटलं. "पायासकट."

त्यांनी ओट्याला हात टेकला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मी वळले तर लोटलेलं दार उघडं होतं आणि दारात मुलगी रिकाम्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होती. ती वहिनींकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ट्रे तिने हळूच ओट्यावर ठेवला, ग्लास न वाजवता.

गाडीत ती मागे बसली, मी पुढे. नवऱ्याने विचारलं, "काय वाण दिलं?" मी दाखवलं, स्टीलची वाटी होती. गाडी सुरू व्हायच्या आत मागून मुलीचा हात पुढे आला आणि तिने डॅशबोर्डवरचा दगड उचलला. तिने तो वर्षभर तिथे पाहिला होता. आता ती तो उलटसुलट करून बघत होती.

"डॅड, धिस इज फ्रॉम दॅट ट्रेक, राइट? यू हॅड इट इन युवर पॉकेट. आय सॉ यू पिक इट अप."

"हो," तो म्हणाला.

"देन हाउ डिड ममा गेट इट?"

तो माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवशी झाडाखाली त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आता पाहत होता. मी काहीतरी बोलेन, हसून टाळेन, अशी त्याला खात्री होती. मी पट्टा लावला आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत बसले.

"डॅड, डिड यू नो इट वॉज आंटी?"

त्याने हात पुढे करून एसी वाढवला.

"डॅड," मुलगी म्हणाली, "आय आस्क्ड यू समथिंग."